गर्दी टाळून लाट धरायची तर कुठं? हरमल, मांद्रे, मोरजी, मुल्की की कोवलम

भाचा नांदेडला नोकरीला आहे. परवा त्याचा फोन आला, "मामा, दिवाळीनंतर चार दिवस रजा काढतोय. गोव्यात सर्फिंग शिकायचंय, पण जत्रा नको. कुठं जाऊ?" अर्धा तास बोललो तरी सगळं सांगून झालं नाही. लातूर, परभणी, बीडकडची बरीच मंडळी हल्ली हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. किनाऱ्यावरची गर्दी वेगळी, पाण्यातली वेगळी. वाळूवर हजार माणसं असली तरी सर्फिंग करणाऱ्याला त्याचा त्रास नाही. पण लाट एकच असते आणि तिच्यावर हक्कही एकाचाच, जो लाट फुटण्याच्या जागेच्या सगळ्यात जवळ असेल त्याचा. लाट जिथं फुटते त्या पाण्याखालच्या एकाच वाळूच्या उंचवट्यावर पंधरा जण बोर्ड घेऊन थांबले की शिकाऊ माणसाच्या वाट्याला तासाभरात दोन-तीनच लाटा येतात. वर आठ-नऊ फुटी बोर्ड हातातून सुटून दुसऱ्याच्या डोक्यात बसायची भीती असते. त्यामुळं प्रश्न गाव कुठलं एवढाच नाही. गावातला कोणता पट्टा आणि किती वाजता, हेही ठरवावं लागतं.

गोव्यात शिकणाऱ्यांची बहुतेक वर्दळ उत्तरेला पेडणे तालुक्यात असते. हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी असे किनारे उत्तरेकडून दक्षिणेकडं एकाला एक लागून आहेत. तळाशी वाळू आहे, खडक फारसा नाही, म्हणून पडलं तरी खरचटत नाही. आपल्याकडून गाडीनं जायचं तर तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर करून आंबोली घाट उतरायचा आणि सावंतवाडी, बांद्यावरून पेडण्यात शिरायचं. मोपा विमानतळही याच तालुक्यात आहे, तो 2023च्या जानेवारीत सुरू झाला.

हरमल सगळ्यात प्रसिद्ध. राहायला स्वस्त, खायला भरपूर, बोर्ड भाड्यानं लगेच मिळतो. एकट्यानं जाणाऱ्याला तिथं सोबत मिळते, हा मोठा फायदा. पण मधल्या भागात सकाळी नऊनंतर शिकवण्या एकमेकींना खेटून चालतात. हरमलला राहायचं ठरलंच तर बोर्ड काखेत मारून दक्षिणेला मांद्र्याच्या दिशेनं वीस मिनिटं चालत जा. किनारा सलग आहे. भाड्याचा जड बोर्ड उचलून एवढं चालायची बहुतेकांची तयारी नसते, त्यामुळं पुढं पाणी मोकळं मिळतं.

मांद्रे मला सगळ्यात आवडतं. किनाऱ्याला समांतर एक खाडी वाहते आणि तिच्यावरच्या बांबूच्या साकवावरून वाळूत उतरावं लागतं. राहणं हरमलपेक्षा महाग पडतं, रात्रीची करमणूकही कमी, म्हणून तरुण पोरांचे घोळके तिकडं कमी वळतात. माझी पहिली खरी लाट इथलीच. त्याआधी दोन दिवस मी फेसात नुसता ढकलला जात होतो. तिसऱ्या दिवशी सात वाजता पाण्यात आम्ही चारच जण होतो. मागून पाणी शेपटाला लागलं, बोर्ड उचलला गेला, मी दोन्ही तळवे छातीशी टेकवून उठलो आणि खाली पाहायच्या ऐवजी पहिल्यांदाच समोरच्या माडांकडं पाहिलं. बोर्ड स्थिर राहिला. पाच-सहा सेकंदच, पण पायाखालून पाणी सरसर पळत असल्याचा तो आवाज अजून कानात आहे. पंधरा माणसांच्या गर्दीत ती लाट मला मिळाली नसती.

आश्व्याला शिकवणाऱ्या संस्था चांगल्या आहेत. शिस्तीत शिकायचं असेल आणि थोडी गर्दी चालत असेल तर जरूर जा.

मोरजी लांबलचक आहे. दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते आणि तिथल्या वाळूच्या पट्ट्यांवर लाट सुरेख फुटते. पण नदीच्या मुखाशी ओढ असते, ओहोटीत तर फार. नवख्यानं त्या टोकाला जाऊ नये, मग तिथं कितीही मोकळं दिसो. मोरजीतल्याच तेंबवाड्याकडं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तो भाग राखलेला असतो, त्याच्या दोऱ्या ओलांडू नका आणि रात्री टॉर्च मारत फिरू नका. सकाळी कुठं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर जाळ्याच्या घेरात बोर्ड घालायचा नाही. त्या जाळ्यावर अख्ख्या वाड्याचं पोट असतं.

आता वेळेचं. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथं कामाला येतं. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, लाटेचं तोंड गुळगुळीत राहतं. दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की पाणी विस्कटतं. म्हणजे चांगली लाट आणि कमी माणसं, दोन्ही एकाच वेळी मिळतात, सकाळी साडेसहा ते साडेआठ. मात्र बऱ्याच ठिकाणी नवख्यांची शिकवणी नऊ-दहाला सुरू होते, म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, "सातला पाण्यात उतरवाल का?" जो हो म्हणेल त्याच्याकडं जा.

दुसरा हिशोब भरती-ओहोटीचा, आणि तो घरातल्या कालनिर्णयावर होतो. कोकणातला जुना आडाखा असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वा अकरा. भरती सव्वा अकराच्या सुमारास, तर ओहोटी त्याआधी सहा तास, पाचच्या आसपास. म्हणजे सात-साडेसातला पाणी निम्म्यावर आणि चढतं, शिकायला उत्तम. पंचमीला भरती पहाटे पावणेचारला, त्यामुळं सातला पाणी उतरतं असतं. लाट तेव्हाही चांगलीच, फक्त खाडीच्या तोंडापासून लांब राहायचं. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी, चढ-उतारच कमी, म्हणून तिथीची फार चिंता नको. हा अंदाज आहे, तास-अर्धा तास इकडंतिकडं होतो. नेमकी वेळ स्थानिकांना विचारून घ्यायची.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र टाळाच. माणसं सगळ्यात जास्त आणि लाट बऱ्याचदा कंबरेएवढीसुद्धा नसते. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा नवख्याचं तिथं काम नाही.

गर्दी अजिबातच नको असेल तर मुल्की. मंगळुरूच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, शांभवी नदीच्या मुखाशी. भारतात सर्फिंग शिकवण्याची सुरुवात झाली ती इथल्या एका आश्रमातून, 2004 साली. शेजारच्या ससिहित्लूला 2016मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग झाली. कोकण रेल्वेवर मुल्की स्टेशनच आहे. इथं बाजार नाही, पार्ट्या नाहीत, संध्याकाळी फिरायला जागा कमी. दिवसभर पाणी, जेवण, झोप. ज्याला खरंच शिकायचंय त्याच्यासाठी हे गोव्यापेक्षा सरस आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण घरची मंडळी सोबत असतील आणि त्यांना पाण्यात रस नसेल, तर दुसऱ्या दिवशी ती कंटाळतील.

आणि कोवलम, केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेचं, महाबलीपुरमच्या रस्त्यावरचं. नांदेड-परभणीकरांनी याचा विचार जरूर करावा. देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठायचं, तिथून रात्रीच्या गाडीनं चेन्नई. मच्छीमारांचं गाव आहे, शिकवणारी पोरंही बरीचशी त्याच घरांतली. समुद्र वाचायला त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवणार नाही. मोठा फायदा हंगामाचा. पश्चिम किनारा बंद असतो तेव्हा, उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत, इथं दक्षिणेकडून चांगली लाट येते. तोटा असा की शनिवार-रविवारी अर्धी चेन्नई तिथं लोटते. मंगळवार-बुधवार धरून जा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं पावसाळा आणि वादळांचे दिवस, तेव्हा नको.

आपल्या मंडळींसाठी एक खास सूचना. आपण पोहायला शिकतो विहिरीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून. त्यानं पाण्याची भीती जाते हे खरं, पण विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्र ओढतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं सरळ झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं सरकायचं आणि बोर्ड सोडायचा नाही, तोच तुमचा डबा. गोव्यात किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, त्यांनी जिथं मना केलं तिथं उतरायचं नाही. लीशची, म्हणजे बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीची, पट्टी घोट्याला घट्ट आहे का, हे दर वेळी हातानं ओढून बघा. जुन्या भाड्याच्या बोर्डाची पट्टी झिजलेली असते. माझी एकदा छातीइतक्या पाण्यात सुटली आणि बोर्ड एका लहान मुलीच्या अंगावरून थोडक्यात गेला. तेव्हापासून ही तपासणी मी कधी चुकवत नाही.

भाच्यासोबत बायको आहे, तिला पाण्यात उतरायचं नाही, आणि रजा चारच दिवस. म्हणून मुल्की बाजूला ठेवली. त्याला मांद्रे सांगितलं. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोचायचं, पुढच्या तीन सकाळी सातच्या आत पाण्यात. तोवर रोज गच्चीवर सतरंजी टाकून पालथं झोपायचं आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायचं, वीस वेळा. काल त्यानं व्हिडिओ पाठवला. डावा पाय अजून मागं राहतोय.