शासन निर्णय संकेतस्थळ आणि ई-राजपत्र : ठाण्यातील अभ्यासकासाठी एक परीक्षण

ठाणे जिल्ह्यातील जमीन, पुनर्वसन किंवा नगररचना यांपैकी कोणत्याही प्रश्नावर कायदेशीर अथवा धोरणात्मक काम करणाऱ्याला राज्य शासनाच्या दोन विनामूल्य सेवांवाचून गत्यंतर नाही : शासन निर्णयांचे संकेतस्थळ आणि ई-राजपत्र, म्हणजे शासनाच्या अधिकृत राजपत्राची ऑनलाइन आवृत्ती. दोन्हींच्या नित्य वापरातून माझे असे मत झाले आहे की दिनांक हाती घेऊन येणाऱ्याला त्या उत्तम आहेत आणि नुसता विषय घेऊन येणाऱ्याला अपुऱ्या आहेत.

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग, दिनांकांची मर्यादा, शीर्षकातील शब्द आणि संकेतांक यांच्या आधारे शोध घेता येतो. यांपैकी संकेतांक ही या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. प्रत्येक निर्णयाच्या अखेरीस छापलेल्या या लांबलचक संख्येचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. एखाद्या निवेदनाला किंवा याचिकेला जोडलेली शासन निर्णयाची छायाप्रत खरी आहे का, हे पडताळण्यासाठी संकेतांक टाकून मूळ प्रत उतरवून घेण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही, आणि त्यासाठी मंत्रालयाची पायरीही चढावी लागत नाही.

शीर्षकावरून शोध घेताना मात्र अडचण येते, कारण शीर्षक लिहिणाऱ्या कार्यासनाची (विभागातील संबंधित कक्षाची) भाषा आणि शोधणाऱ्याची भाषा क्वचितच जुळते. नवी मुंबईच्या भूखंड योजनेसाठी आपण ‘साडेबारा टक्के’ असे टंकतो. शीर्षकात ‘नवी मुंबई प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड’ अशा धर्तीचे काही असते. शिवाय अनेक जुनी सरकारी कागदपत्रे नुसती स्कॅन केलेली आहेत किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत, त्यामुळे त्यांच्या मजकुरात शब्दशोध चालत नाही. म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आपल्या विषयावरचा कोणताही एक अलीकडचा निर्णय, मग तो किरकोळ मुदतवाढीचा का असेना, आधी मिळवावा आणि त्याच्या वरच्या भागातील ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ हा मजकूर काळजीपूर्वक उतरवून घ्यावा. त्या निर्णयाला आधारभूत असलेले आधीचे निर्णय क्रमांक आणि दिनांकांसह तेथेच दिलेले असतात. नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड देण्याची योजना १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांवर उभी आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा रस्ता अशा नंतरच्या निर्णयांच्या संदर्भांतूनच जातो.

निर्णयाच्या क्रमांकाकडेही बहुतेक जण दुर्लक्ष करतात, याची मला खंत वाटते. त्यातील ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि शेवटी येणारे ‘नवि-१०’ यासारखे अक्षर-अंक म्हणजे ज्या कार्यासनाने ते प्रकरण हाताळले त्याची ओळख. माहिती अधिकाराच्या अर्जात हे दोन तपशील लिहिले की ‘माहितीचा बोध होत नाही’ या उत्तराला जागाच उरत नाही, आणि अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरण्याची शक्यताही बरीच कमी होते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागत असल्याने असा नेमकेपणा अधिकच उपयोगी पडतो.

या संकेतस्थळाची सर्वांत गंभीर उणीव अशी की अधिक्रमित झालेला, म्हणजे ज्याची जागा नव्या निर्णयाने घेतली आहे असा निर्णय यादीत जसाच्या तसा उभा असतो. पुढे निघालेले शुद्धिपत्रक किंवा तो निर्णय रद्द करणारा आदेश त्याच्याशी जोडलेला नसतो, आणि ज्याला सवय नाही असा नागरिक मृत निर्णयाच्या आधारावर आपला हक्क मांडत राहतो. प्रत्येक नवा निर्णय जुन्याचा उल्लेख करीतच असल्यामुळे लागणारी सर्व माहिती शासनाजवळ आहे. ती उलट दिशेने दाखवणे एवढेच काम बाकी आहे आणि ते व्हायलाच हवे.

ई-राजपत्राची गोष्ट वेगळी आहे आणि कायद्याच्या अभ्यासकाने ती वेगळीच ठेवावी. शासन निर्णय हा कार्यकारी आदेश आहे. वैधानिक नियमांतील रिकाम्या जागा तो भरू शकतो, पण त्या नियमांना डावलू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या १९६७ च्या निकालात स्पष्ट केले आहे. त्याआधी १९५१ मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात, जो कायदा लोकांपर्यंत प्रसिद्धच झाला नाही त्याखाली कोणाला शिक्षा करता येणार नाही, असे याच न्यायालयाने ठरवले होते. कायदा अधिकृतपणे प्रसिद्ध होतो तो राजपत्रातून, आणि राजपत्राचे महत्त्व यात आहे. विधिमंडळाचे अधिनियम मराठीत भाग चारमध्ये आणि इंग्रजीत भाग आठमध्ये शोधावेत. ठाणे किंवा नवी मुंबईच्या विकास योजनेतील फेरबदलांच्या सूचनांसाठी भाग एकची कोकण विभागीय पुरवणी पाहावी. ही पुरवणी नेमाने चाळणारे वकील मला फार थोडे भेटले आहेत. हरकती नोंदवण्याची मुदत मात्र तेथील सूचनेतच दिलेली असते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ८१ मध्ये इलेक्ट्रॉनिक राजपत्राच्या अस्सलपणाबद्दल गृहीतक असल्यामुळे योग्य ठिकाणाहून उतरवलेली प्रत न्यायालयात बिनधास्त दाखवता येते.

केवळ अधिनियमाचा मजकूर हवा असेल तर इंडिया कोड हे अधिनियमांचे शासकीय संकेतस्थळ पुरेसे आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निकालपत्रांसाठी २०२३ पासून ई-एससीआर हा त्या न्यायालयाचा ऑनलाइन निकालसंग्रह विनामूल्य खुला आहे. दोन्हींविषयी माझी तक्रार नाही.

आकडेवारीच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यासाठी एक सावधगिरी आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ नोंदली गेली. त्यानंतर १ ऑगस्ट २०१४ रोजी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. त्यामुळे आजच्या रुग्णालयांची किंवा शाळांची संख्या त्या जुन्या आकड्याने भागणारे टिपण मुळातच चुकते. अशा वेळी ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर या सात तालुक्यांचे आकडे जनगणनेच्या तक्त्यांतून घेऊन स्वतः बेरीज करावी. नवी मुंबईबाबत गुंता याहून मोठा आहे, कारण ऐरोली आणि सानपाडा ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर आणि कामोठे रायगड जिल्ह्यात, पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत. जिल्ह्यापुरता अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हा ग्रंथ मला सर्वांत विश्वासार्ह आधार वाटतो. त्यातील प्रत्येक तक्त्याखालचा स्रोत आधी वाचावा आणि मगच आकडा उचलावा.

जे कागद या कोणत्याही संकेतस्थळावर नाहीत, त्यांच्यासाठी सामान्य प्रशासन विभागाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय उतरवून जवळ ठेवावा. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महानगरपालिकांसारख्या स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची तरतूद त्यात आहे, आणि सोमवारी सुट्टी असेल तर ती सोय लगतच्या कामकाजाच्या दिवशी मिळते. जाताना संदर्भातून उतरवलेले क्रमांक आणि दिनांक एका कागदावर लिहून न्यावेत, आधी नस्ती (फाइल) पाहावी, आणि जी पाने खरोखर लागणार आहेत तेवढ्यांच्याच प्रमाणित प्रती माहिती अधिकाराखाली मागाव्यात.