स्मूदनिंग, केराटिन की आहेत त्या लाटा? गोव्यातल्या हवेत ठरवायचं असेल तर

माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं डिसेंबरात लग्न आहे आणि तिने परवा फोन करून सरळ विचारलं, मावशी, स्मूदनिंग करून टाकू का. तिचे केस माझ्यासारखेच आहेत, म्हणजे सरळ म्हणावे तर कानाखालून वळतात, कुरळे म्हणावे तर वरचा भाग डोक्याला सपाट चिकटलेला, आणि जून लागला की सगळंच उभं राहतं. मला तिला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही कारण मी दोन्हीकडे जाऊन आलेय, २०१९ ला स्मूदनिंग केलं होतं आणि ते वाढवून काढल्यावर केस आहेत तसेच ठेवलेत. तिला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय, हेच ठरवत बसलेल्या आणखी कुणाला उपयोगी पडेल.

आधी नावांचा गोंधळ सोडवू, कारण पार्लरमध्ये रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, केराटिन हे शब्द एकाच दमात सांगतात. केसाचा आकार मुख्यतः दोन तऱ्हेच्या बंधांनी टिकतो. एक हायड्रोजन बंध, तो नुसत्या पाण्याने सुटतो आणि सुकताना परत बांधला जातो, घरी इस्त्री मारतो तेव्हा आपण यालाच हात लावतो. दुसरा गंधकाचा, डायसल्फाइड बंध, तो पाण्याला दाद देत नाही, त्याला केमिकलच लागतं. रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंगमध्ये क्रीमने हा दुसरा बंध तोडतात, केस सरळ ओढून घेतात आणि न्यूट्रलायझर लावून तो सरळ आकारातच पक्का करतात, म्हणून त्या केसांची लाट कायमची गेली असं समजायचं. केराटिनचं तसं नाही, तिथे केसावर थर देऊन साधारण २३० डिग्रीच्या इस्त्रीने तो बसवतात, तो तीन ते पाच महिन्यांत धुऊन जातो. म्हणजे एक परतीचा रस्ता नसलेलं काम आणि एक तात्पुरतं, आणि हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आता आपल्या हवेचं बोलू. गोव्यात वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वरच असतो, ती ओल केसात शिरली की तो पहिला बंध सुटतो आणि केस स्वतःच्या मूळ आकाराकडे जायला लागतात. यामुळेच घरची इस्त्री आपल्याकडे अगदी वाया जाते. मी पर्वरीला राहायचे तेव्हा सकाळी वीस मिनिटं इस्त्री करून स्कूटरवर निघायचे आणि मांडवीचा पूल ओलांडून पणजीत शिरेपर्यंत हेल्मेटखालचे केस चपटे आणि बाहेरचे फुललेले असे दोन भाग झालेले असायचे. रोज एवढी आच देऊन हाती काय, तर फाटे फुटलेली टोकं. म्हणून इस्त्री हा पर्याय मी बाजूलाच ठेवते, वर्षातून चार समारंभांना ठीक आहे.

स्मूदनिंग मात्र पावसात टिकतं, हे मान्य करायलाच हवं. त्या वर्षी जुलैत भिजून घरी आले, पंच्याने पुसले, सुकले, झालं. हा आराम खरा आहे आणि ज्यांना सकाळी सातला ड्युटीवर पोचायचंय, लहान मूल आहे, केसांकडे बघायला दहा मिनिटंही मिळत नाहीत, त्यांनी केलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही.

त्रास सुरू होतो तो मुळांपासून. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. मी फेब्रुवारीत भावाच्या लग्नासाठी केलं होतं, ऑगस्टमध्ये म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पुजेला गेले तोवर वरचे चार बोटं केस लाटांचे आणि खाली सगळे ताणून धरल्यासारखे सरळ. आंबाडा घातला, त्यावर फुलांची फांती, म्हणजे गजरा, माळली, आणि देवळाच्या पायऱ्या चढेपर्यंत ती दोनदा मानेवर घसरली कारण त्या गुळगुळीत केसात पिनच धरत नव्हती, आईने शेवटी स्वतःच्या आंबाड्यातल्या दोन पिना काढून मला लावल्या. पार्लरमध्ये टचअप करून घ्या म्हणाले, म्हणजे परत तेच केमिकल, आणि ते जुन्या केसांवर उतरलं तर तिथून केस तुटतात, माझे तुटले. ते सगळे केस कापून निघायला मला दोन वर्षं लागली आणि ती दोन वर्षं केस धड सरळ नव्हते, धड लाटांचेही नव्हते. हा खर्च बिलात येत नाही.

आणि नवरीसाठी तर खास सांगते. लग्नाची हेअरस्टाइल करणाऱ्या मुली बहुतेक वेळा टाँगने कर्ल काढूनच पुढचं सगळं उभारतात. म्हणजे आधी पैसे देऊन लाट घालवायची आणि लग्नाच्या दिवशी पैसे देऊन परत आणायची, आणि स्मूदनिंग केलेल्या केसात तो कर्ल जेवणं उरकेपर्यंत सुटलेला असतो. लहरी केसात आंबाडा, फुलं, पिना सगळं आपोआप धरून राहतं.

केराटिनची बाजू घेणाऱ्या म्हणतील की ते तरी कायमचं नाही ना. बरोबर, आणि फक्त फ्रिझ, म्हणजे केसांचं फुलून विसकटणं, कमी हवाय, लाट राहिली तरी चालेल असं असेल तर दोन्हींत तेच बरं दिसतं. पण मला त्याची काळजी वेगळ्या कारणासाठी वाटते. जुन्या पद्धतीच्या केराटिनमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते २००४ मध्येच माणसाला कॅन्सर करणारं म्हणून ठरवलंय, आणि बाटलीवर ते कधी फॉर्मेलिन तर कधी मिथिलीन ग्लायकॉल अशा नावानेही असू शकतं. इस्त्रीच्या आचेवर त्याचा धूर होतो, डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. फॉर्मल्डिहाइड फ्री म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच मालात ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं, ते टाळूतून शरीरात गेलं तर त्याचा ऑक्झलेट नावाचा क्षार बनून किडनीवर येऊ शकतं, इस्रायलच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये केस सरळ करणाऱ्या ट्रीटमेंटनंतर अचानक किडनी बिघडलेल्या २६ रुग्णांची माहिती छापली होती. प्रत्येकीला होतं असं मुळीच नाही, पण दिवस गेले असतील किंवा किडनीचा काही त्रास असेल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. बाकीच्यांनी बाटली हातात घेऊन वाचावी, खिडक्या उघड्या ठेवायला सांगाव्यात, आणि टाळूवर माल लावू देऊ नये. शिवाय बहुतेक ठिकाणी नंतर तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत सांगतात, एप्रिल-मेच्या घामात हेल्मेट घालून ते कसं जमवायचं तेही बघा.

आता आहेत तशा लाटा ठेवायच्या तर काय करावं लागतं, कारण काहीच न करता त्या छान दिसत नाहीत. मी सुरुवातीला कुरळ्या केसांची पद्धत जशीच्या तशी उचलली, शॅम्पू बंद, शिया बटरची जाड क्रीम, आणि केस तेलकट होऊन आणखी चपटे झाले. आपल्यासारख्या मधल्या केसांना वजन सोसत नाही. त्यांना हलकं हवं.

आठवड्यातून दोन-तीनदा शॅम्पू, फक्त टाळूला. कंडिशनर कानाच्या खाली, आणि गुंता तेव्हाच बोटांनी नाहीतर रुंद दातांच्या फणीने काढायचा, सुकल्यावर फणी लावायचीच नाही. मग केस ठिबकत असतानाच मान खाली घालून जेल, आणि टोकांकडून मुठीत धरून वर दाबायचं, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येईपर्यंत. जाड टॉवेल नको, जुना सुती टीशर्ट किंवा पंचा. सुकल्यावर केस कडक लागतात, घाबरायचं नाही, खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर चोळून तसेच मुठीने दाबले की कडकपणा जातो आणि लाट राहते. जेल मी घरीच करते, पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळायचं, थंड झालं तर गाळताच येत नाही, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. दासणीचा, म्हणजे जास्वंदीचा, पाला चुरूनही तसाच बुळबुळीत रस निघतो, आमची आजी त्यानेच केस धुवायची. विकतचं जेल घेणार असाल तर ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत नसलेलं बघा, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्या जुलैत ओल भरपूर.

तेलाबद्दल आईचं कायम एकच, केंसांक तेल लाय गो, आणि ती बरोबर होती, फक्त वेळ चुकत होती. २००३ मध्ये मॅरिकोच्या संशोधकांनी दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल तेल केसाच्या आत जातं आणि धुताना होणारी प्रोटीनची झीज कमी करतं, कंपनी स्वतःच तेल विकते हे लक्षात ठेवूनही मला त्याचा अनुभव आहे. धुण्याआधी तासभर लावा, धुतल्यावर चोपडू नका. समुद्रात उतरायचं असेल तर आधी साध्या पाण्याने केस भिजवून घ्या, भिजलेला केस खारं पाणी कमी पितो.

या मार्गाची खरी अडचण सुकवण्याची आहे. पावसाळ्यात माझे केस तीन-चार तास ओले राहतात, ओले बांधले की कुबट वास येतो, त्यामुळे मी डिफ्यूजर, म्हणजे हवा पसरवणारं भोकांचं रुंद तोंड, लावलेला ड्रायर मंद आचेवर पंधरा मिनिटं वापरते. आणि काही दिवस जमत नाहीच, तेव्हा सरळ वेणी घालते.

पैशांचं थोडक्यात, मला म्हापशात स्मूदनिंगचे साडेपाच हजार सांगितले होते, टचअप वेगळं. तेवढ्यात ड्रायर, डिफ्यूजर आणि एक चांगला हेअरकट होऊन पैसे उरतात. हेअरकटवर खर्च करा, एकसारखे कापलेले लहरी केस खाली त्रिकोणासारखे पसरतात, हलक्या लेअर हव्यात, आणि थिनिंगची कात्री लावू देऊ नका, त्यातून आखूड केस बाहेर येऊन फ्रिझ वाढतो.

भाचीला मी म्हटलं, आता पाऊस आहे तर सहा आठवडे हे करून बघ, दर रविवारी धुतल्यावर त्याच खिडकीशी फोटो काढ. ऑक्टोबरात ते फोटो घेऊन हेअरस्टाइल करणाऱ्या मुलीकडे जा आणि ट्रायल घे. तरीही सरळच हवे वाटले तर केराटिन नोव्हेंबरात कर, पाऊस संपलेला असतो, आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुळीच नको. पहिल्या रविवारचा फोटो आलाय, डाव्या बाजूला तीन लाटा स्पष्ट दिसतायत, उजवीकडे ती त्या कुशीवर झोपते म्हणून अजून सपाट आहे, तिला सॅटिनची उशीची खोळ घ्यायला सांगितलंय.