‘ॲडमिन द्या, लगेच करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध

बकेटमधली, म्हणजे क्लाउडवरच्या साठवणीतली, फाइल उघडत नाही, स्क्रीनवर ‘ॲक्सेस डिनाइड’, आणि एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचं) सगळं लावून देणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला. ऑफिसातलं कुणीतरी ग्रुपवर अडचण टाकतं. थोड्याच वेळात एका ‘क्लाउड एक्स्पर्ट’चा खासगी मेसेज येतो: किरकोळ पैसे, आजच्या आज काम. फक्त एक यूजर बनवा, त्याला ‘ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस’ म्हणजे सगळे अधिकार लावा आणि त्याची की (पासवर्डसारखा लॉगिनचा कोड) पाठवा. काम खरंच होतं, म्हणूनच कुणाला संशय येत नाही. डोळे उघडतात ते बिल आल्यावर. व्यवहार सगळा मुंबई रीजनमध्ये (रीजन म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरांचा प्रदेश), आणि बिलात ओहायो, फ्रँकफर्ट, साओ पावलोमधली जीपीयू मशीनं. क्रिप्टो मायनिंगसाठी चालवलेली.

मुळात ॲडमिनची गरज नव्हतीच. कमांड लाइनवरची एरर शेवटपर्यंत वाचली तर बऱ्याचदा कारण तिथेच लिहिलेलं असतं. ‘नो आयडेंटिटी-बेस्ड पॉलिसी अलाउज’ असेल तर त्या यूजरच्या पॉलिसीत, म्हणजे परवानग्यांच्या नियमांत, परवानगीच नाही. ‘एक्सप्लिसिट डिनाय’ असेल तर कुठेतरी मुद्दाम मनाई लावलेली आहे, आणि अशी मनाई बकेटच्या पॉलिसीत असली तर ॲडमिन यूजरलाही ती तितकीच लागू होते. म्हणजे ‘डिनाय’ समोर दिसत असताना जो फक्त ॲडमिन मागतो, त्याला एकतर काम येत नाही किंवा त्याला दुसरंच काही हवं आहे. नेहमीच्या चुका तर अगदी साध्या असतात. ‘लिस्टबकेट’ची परवानगी बकेटच्या एआरएनवर (एडब्ल्यूएसमधला तिचा पूर्ण पत्ता) द्यायची आणि ‘गेटऑब्जेक्ट’ची त्याच एआरएनपुढे स्लॅश आणि तारा (/*) जोडून; दोन्ही नुसत्या बकेटच्या एआरएनवर दिल्या की यादी दिसते, फाइल उघडत नाही. किंवा फाइल केएमएसच्या (एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारी एडब्ल्यूएसची सेवा) कीने एन्क्रिप्ट केलेली असते आणि ‘डिक्रिप्ट’ची परवानगी राहून गेलेली असते.

आता तो मागे काय ठेवून जातो ते बघा. काम झाल्यावर लोक त्याचा यूजर काढून टाकतात आणि निर्धास्त होतात. तेवढ्या वेळात त्याने एक रोल (नेमून दिलेल्याला तात्पुरता वापरता येणारा परवानग्यांचा संच) बनवलेला असतो, नाव ‘बॅकअप-सपोर्ट’सारखं साळसूद. त्या रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत, म्हणजे रोल कोण वापरू शकतो त्या नियमांत, त्याच्या स्वतःच्या अकाउंटचा बारा आकडी नंबर. त्याला आता तुमचा पासवर्डही लागत नाही आणि कीही. तो त्याच्या अकाउंटमधून ‘अझ्यूम रोल’ करून आत येतो. आयएएममध्ये (यूजर आणि परवानग्या सांभाळणारा भाग) रोल्सची यादी उघडा आणि ‘ट्रस्टेड एंटिटीज’चा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. ओळखीचा नसलेला अकाउंट नंबर दिसला की तोच चोरदरवाजा. जुन्या यूजरांच्या कीही तपासा: एका यूजरला दोन की ठेवता येतात, आणि दुसरी गुपचूप तयार केलेली असू शकते. क्रेडेन्शियल रिपोर्ट डाउनलोड केला की कुठली की शेवटची कधी वापरली ते कळतं.

माग काढायला क्लाउडट्रेलची, म्हणजे अकाउंटमध्ये कुणी काय केलं ते नोंदवणाऱ्या सेवेची, इव्हेंट हिस्टरी आहे, फुकट, पण ९० दिवसांपुरतीच. इथे हमखास घोटाळा होतो. मुंबई रीजन निवडून शोधलं तर आयएएममधला एकही बदल सापडत नाही, कारण त्या नोंदी नॉर्थ व्हर्जिनियात पडतात. तिथे ‘क्रिएटरोल’, ‘क्रिएटॲक्सेसकी’, ‘अपडेटअझ्यूमरोलपॉलिसी’ शोधा. मशीनं चालू केल्याची ‘रनइन्स्टन्सेस’ नोंद मात्र ज्या त्या रीजनमध्ये.

बंद करतानाही क्रम सांभाळा. नुसती की बंद करून भागत नाही: त्या कीवरून ‘गेटफेडरेशनटोकन’ने काढलेलं तात्पुरतं टोकन ३६ तासांपर्यंत चालू शकतं. म्हणून आधी त्या यूजरला सगळं नाकारणारी डिनाय पॉलिसी लावा, मग की बंद करा. रोलची ट्रस्ट पॉलिसी बदला आणि त्यानंतर ‘रिव्होक ॲक्टिव्ह सेशन्स’ दाबा. उलट केलंत तर तो लगेच नवं सेशन काढेल. मशीन टर्मिनेट होत नसेल तर त्याने टर्मिनेशन प्रोटेक्शन लावून ठेवलं असेल, ते आधी काढा. बंद केलेलं मशीन पुन्हा उगवत असेल तर ऑटो स्केलिंग ग्रुप (मशीनं आपोआप पुन्हा चालू करणारी व्यवस्था) शोधा. सगळी रीजन्स एकत्र बघायला ‘ईसीटू ग्लोबल व्ह्यू’ आहे, एकेक रीजन उघडत बसू नका.

बाहेरच्याची मदत घ्यावीच लागली तर कायमची की देऊ नका. ‘सिक्युरिटीऑडिट’ पॉलिसीचा (फक्त सेटिंग्ज बघता येणारा) वेगळा रोल बनवा, एक्स्टर्नल आयडी (दोघांत ठरलेला जादा ओळख-कोड) घाला, सेशन एका तासाचं ठेवा. पॉलिसीत काय चुकलंय हे सांगायला त्याला एवढं पुरतं. बदल तुम्ही स्वतः करा. रूटचा (अकाउंटच्या मूळ मालकाच्या लॉगिनचा) पासवर्ड किंवा ओटीपी तर कुणालाच नाही, एडब्ल्यूएसचा माणूस बोलतोय असं सांगणाऱ्यालाही नाही.

बिलासाठी लगेच सपोर्टकडे केस टाका. अकाउंट आणि बिलिंगची केस फुकट्या बेसिक प्लॅनवरही चालते. सवलत मिळेलच असं नाही. तक्रार १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करा. कंपनी असाल तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवणं बंधनकारक आहे. रोल उडवण्यापूर्वी त्याच्या ट्रस्ट पॉलिसीचा स्क्रीनशॉट आणि क्लाउडट्रेलच्या नोंदी उतरवून घ्या. आयपी पत्ते व्हीपीएनचे निघतात, पण तो बारा आकडी नंबर एका खऱ्या अकाउंटचा असतो.