फोंड्यातील एका व्यायामशाळेचा ३ महिन्यांचा अनुभव

पावसाळ्यात सकाळचे फिरणे बंद पडले, म्हणून यजमानांनी आणि मी फोंड्यातील एका व्यायामशाळेत ३ महिन्यांचे पैसे भरले. जागा स्वच्छ आहे, यंत्रे नीट चालतात, त्याबाबत तक्रार नाही. मला लिहायचे आहे ते व्यायामाच्या तीव्रतेविषयी.

पहिले काही आठवडे प्रशिक्षकाने बॅचमधील सर्वांना ट्रेडमिलवर ताशी ८ किलोमीटर वेगाने २० मिनिटे धावायला लावले. यजमान गुणगुणत घरी येत आणि मी मात्र चहाही न घेता चिडचिड करीत बसे. ‘बायकांचे मनच हळवे’ असा त्याचा अर्थ बॅचमधल्या एका गृहस्थांनी लावला. तो मला पटला नाही आणि आजही पटत नाही. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता स्त्रियांमध्ये सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असते, त्यामुळे जो वेग यजमानांना मध्यम वाटत होता, तोच मला धाप लागण्याच्या मर्यादेपलीकडे नेत होता. आणि ती मर्यादा ओलांडली, की स्त्री असो वा पुरुष, बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो.

दुसऱ्या महिन्यात आलेल्या प्रशिक्षिकेने हे ओळखले. हार्डी आणि रेजेस्की या संशोधकांनी १९८९ साली मांडलेली, उणे ५ (फार वाईट वाटते) ते अधिक ५ (फार छान वाटते) अशी भावनांची पट्टी तिने कागदावर लिहून ट्रेडमिलच्या दांड्याला चिकटवली आणि दर ५ मिनिटांनी, अगदी धावता धावता, ‘आत्ता कसे वाटते?’ असे विचारून आकडा टिपायला सुरुवात केली. व्यायाम संपल्यावर विचारून उपयोग नसतो, कारण थांबल्याबरोबर बरे वाटू लागते आणि मधला त्रास विसरला जातो. माझा पहिला आकडा उणे ३ होता. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत वेग तिने ठेवला, तेव्हा तो ताशी साडेपाचावर आला आणि घामाने ओलसर झालेल्या त्या कागदावर अधिक ३ उमटले. यजमानांना तिने एकदा ११ च्या वेगाने पळवून पाहिले. त्यांचाही आकडा उणे ३ आला आणि त्या दिवशी घरी येताना गुणगुणणे नव्हते.

पुढच्या ३ महिन्यांचे पैसे आम्ही भरले आहेत, ते या प्रशिक्षिकेसाठी. संध्याकाळच्या बॅचला अजून सर्वांना एकच वेग दिला जातो, त्यामुळे नव्याने नाव घालणाऱ्यांनी सकाळची बॅच मागावी.