टेलि-मानस १४४१६: विजेच्या भीतीसाठी फोन केला होता, त्याचा अनुभव

खेड्यातल्या माणसासाठी हा नंबर लय कामाचा आहे म्हणून सविस्तर लिहितेय. १४४१६, मनाच्या त्रासासाठी सरकारी मदतीचा फोन, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येते. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात अजून कितीतरी लोकांना माहीतच नाही, मला आशाताईनं सांगितला म्हणून कळला.

माझी भीती विजेची. आमच्याकडं वावरात वीज पडून माणसं, बैलं मरतात हे खरंच आहे, त्याची काळजी सगळ्यांनाच असते. माझं त्याच्या पलीकडं गेलं होतं. आभाळ नुसतं काळं झालं की छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरत नाही, आता मी मरतेच असं वाटायचं. सोयाबीन सवंगणीच्या दिवसात सगळ्या बाया वावरात आणि मी खोलीत दार लावून. सासूबाई म्हणत "बाहेरचं लागलं असन माय", त्यांचाही जीव तुटत होता माझ्यासाठी. खासगी दवाखान्यात ईसीजी काढला, चांगला निघाला, सलाईन लावली आणि घरी पाठवलं, भीतीचं कोणी विचारलंच नाही.

फोन करायला मी लय दिवस लावले कारण आपल्या विदर्भात मनाचा डॉक्टर म्हटलं की शेतकरी आत्महत्याच आठवते, २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प चालू आहे तोही त्याच्यासाठीच, मग विजेला भिणाऱ्या बाईनं कुठं फोन करावा असं वाटे. पण तिकडच्या ताईनं एकदाही "एवढ्यासाठी?" असं म्हटलं नाही. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात. कधीपासून होते, झोप येते का, जेवण जाते का, मरायचे विचार येतात का, हे सगळं सरळ विचारलं. नाव सांगायची जबरदस्ती केली नाही. मग समजावलं की असा झटका साधारण १० मिनिटात सगळ्यात जास्त चढते आणि मग आपोआप उतरते, त्यानं जीव जात नाही, तेवढा वेळ श्वास हळू घ्यायचा आणि त्याहून हळू सोडायचा. गोठ्यामागं उभी राहून बोलले, गावात कोणाला काही कळलं नाही, एसटीत बसलं की चार जण विचारतात "काहून वं, कुठं चालली?", ते इथं नाही.

नुसत्या फोनवर भागत नाही हे त्याच ताईनं सांगितलं आणि सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत जायला लावलं. तिथं डॉक्टरनं गोळी दिली, असर व्हायला दोन ते चार आठवडे किंवा जास्तही लागतील, मनानं बंद करायची नाही असं बजावलं. पण मला खरा फरक पडला तो मानसशास्त्रज्ञ मॅडमच्या शिकवण्यानं. आधी मोबाईलवर ढगाचा आवाज बारीक करून ऐकायचा, भीती उतरेपर्यंत ऐकायचा, मग मोठा, मग आभाळ आलं की दार उघडं ठेवून आत बसायचं, मग नुसतं ढगाळ असताना ह्यांच्यासोबत वावरात. दामिनी ॲप (वीज पडण्याचा इशारा देणारं, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेनं बनवलेलं) मी सारखं उघडून पाहायची, तर मॅडम म्हणाल्या वावरात जायच्या आधी एकदा पाहा आणि आभाळ भरून आलं तर पाहा, बाकी वेळ नाही. गडगडाट सुरू झाला की मात्र पक्क्या घरात, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या आवाजानंतर ३० मिनिटं बाहेर निघायचं नाही, तो नियम सगळ्यांसारखा मलाही आहे.

ओपीडीबद्दल तक्रार आहे. गर्दी एवढी की मजुरीचा अख्खा दिवस जाते, एकदा गोळ्या संपल्या होत्या तर बाहेरच्या मेडिकलमधून घ्याव्या लागल्या. मॅडम रोज नसतात. माझ्यासारखी बाई भाडं खर्चून गेली आणि मॅडमच नाही तर ती परत येणार नाही, ह्याचा विचार कोणीतरी करायला पाहिजे.

आता ढगाळ दिवशी निंदायला जाते मी. आवाज झाला की धडधडते अजून, पण थांबते. फोन नंबराला माझ्याकडून पाचपैकी पाच, ओपीडीला तीन. जाणार असाल तर मानसोपचारचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईला आधी विचारा, तुमच्या ग्रामीण रुग्णालयात येत असतील तर जिल्ह्याला जायची गरजच नाही, आणि जुने कागद, चालू गोळ्यांची पट्टी सोबत न्या.