स्ट्रीमलिटमध्ये फोटोवरचा क्लिक पकडणारं कॉम्पोनंट, काही महिने वापरल्यावर

स्ट्रीमलिटचं (पायथनमध्ये वेब ॲप बनवायची लायब्ररी) साधं इमेज फंक्शन फोटो दाखवतं पण त्यावर कुठे क्लिक झालं ते सांगत नाही, मार्कडाऊनमधून जावास्क्रिप्ट घुसवायला जावं तर ती चालत नाही, आणि components.html ने एचटीएमएलचा तुकडा टाकला तर तो आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या वेगळ्या चौकटीत, जाऊन बसतो, तिथून पायथनकडे काही परत येत नाही. म्हणून मग स्ट्रीमलिट-इमेज-कोऑर्डिनेट्स हे वरून जोडायचं कॉम्पोनंट घेतलं. काम एवढंच की डाळिंबाच्या फोटोंवर तेल्या रोगाचे डाग टिपायचे, एका डागाला एक क्लिक.

पिपने (पायथनची पॅकेजेस बसवायचं टूल) टाकलं, एक ओळ लिहिली, क्लिकचे एक्स-वाय हातात. इथवर झकास.

पण हे आकडे स्क्रीनवर फोटो जेवढा दिसतोय त्या मापातले असतात हां, मूळ फोटोतले नाही. मोबाईलचा फोटो 4000 बाय 3000, दाखवतोय 800 रुंदीत, क्लिक 412, 230 वर आला तर डाग खरा 2060, 1150 वर आहे. आता तो 5 चा गुणाकार कोडमध्ये ठोकून टाकू नका, कारण कॉलमभर ताणलेला फोटो लॅपटॉपवर वेगळ्या मापाचा आणि मोठ्या मॉनिटरवर वेगळ्या. कॉम्पोनंट दिसणाऱ्या फोटोची रुंदी-उंचीही देतं, त्यावरून दर वेळी काढा. शिवाय स्क्रीनवर हात एक पिक्सेल हलला की मूळ फोटोत 5 पिक्सेलचा फरक, त्यामुळे बारीक डाग असेल तर आधी क्रॉप, मग क्लिक, दुसरा इलाज नाही.

उभे फोटो हा वेगळाच वैताग. पिलो (पायथनची फोटो उघडायची लायब्ररी) एक्झिफ, म्हणजे फोटोतली कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती, बघून फोटो आपणहून फिरवत नाही, एक्झिफ-ट्रान्सपोज आपल्यालाच करावं लागतं, आणि ते दाखवायच्या आधीच, नाहीतर क्लिक फिरवलेल्या फोटोवर आणि नोंद न फिरवलेल्यावर.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते रीरन. स्ट्रीमलिटमध्ये काहीही हलवलं की स्क्रिप्ट वरपासून परत चालते, आणि कॉम्पोनंट शेवटचा क्लिक तसाच पुन्हा हातात देतं, म्हणजे तुम्ही नुसता स्लायडर सरकवलात तरी यादीत तोच डाग आणखी एकदा! सेशन स्टेटमध्ये (रीरननंतरही टिकणारी स्ट्रीमलिटची साठवण) आधीचा क्लिक ठेवायचा आणि वेगळा असेल तरच जोडायचा. फोटो बदलला की कॉम्पोनंटची key (त्याचं ओळखनाव) पण बदला, म्हणजे जुना क्लिक नव्या फोटोवर येऊन बसत नाही. आणि नमपायमध्ये (पायथनची आकड्यांच्या तक्त्यांची लायब्ररी) त्या बिंदूचा रंग वाचताना आधी वाय मग एक्स, ज्याला हे माहीत नाही तो आडव्या फोटोवर एरर आली की समजतो, चौकोनी फोटोवर मात्र गुपचूप चुकीचा रंग मिळत राहतो.

एवढं करून घेतो कशाला? कारण बाकीचं ॲप आधीच स्ट्रीमलिटमध्ये होतं. नवीन सुरू करत असाल तर ग्रेडिओ (स्ट्रीमलिटसारखीच दुसरी लायब्ररी) बघा, तिथे इमेजला क्लिक पकडणारा सिलेक्ट इव्हेंट घरचाच आहे. सुट्या बिंदूंसाठी, ड्रॅग करून चौकोनासाठी हे स्ट्रीमलिटचं कॉम्पोनंट पुरतं. डागाची वेडीवाकडी कड गिरवायची असेल तर याच्या नादी लागू नका, सरळ ॲनोटेशनचं (फोटोवर खुणा करायचं) टूल घ्या.