बहिऱ्या फेरेटसाठी ‘फेरेट नेशन १८२’ पिंजरा: आधी दार बघा

फेरेट दिसतो मुंगसासारखा, पण जात पाणमांजराची. दिवसातले १४ ते १८ तास झोपतो, आणि बहिरा असेल तर शेजारी भांडी आपटली तरी जाग येत नाही. अशा झोपेत वरून हात पडला की दचकून कडाडून चावतो. लोक त्याला चावरा ठरवतात. बिचाऱ्याला कुणी आलंय हेच कळलेलं नसतं. म्हणून बहिऱ्यासाठी पिंजरा घेताना आधी दार बघावं.

मिडवेस्ट कंपनीचा हा दुमजली पिंजरा अमेरिकेत फेरेट पाळणाऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. रुंदी ३६ इंच, खोली २५, उंची ६२.५. दोन्ही मजल्यांना जोडदार, समोरची अख्खी बाजू उघडते. त्यामुळे हात समोरून, तळालगत सरकवत नाकापर्यंत नेता येतो. आमच्या मते एवढ्या एका गोष्टीसाठी हा पिंजरा घ्यावा.

उठवताना तळाच्या ट्रेवर बोटाने दोनदा टकटक करा, तीन-चार सेकंद थांबा. मग बोटाला सॅल्मन तेलाचा एक थेंब लावून नाकापासून दोन इंचांवर धरा. नाक हलतं, मिशा थरथरतात, डोळे मिटलेले असतानाच जीभ बाहेर येते. तो बोट चाटायला लागला की मगच अंगाला हात लावा. झोळीत झोपला असेल तर मात्र टकटक पोचत नाही, कापड हादरा गिळतं. तेव्हा झोळीची कड हलकेच ओढायची.

आता उणिवा. ट्रे उथळ आहे, शीच्या डब्यात पसरलेल्या शोषक गोळ्या उकरून बाहेर येतात. मागची भिंत उंच असलेला कोपऱ्याचा डबा लावा. मजल्यांमधला उतार बराच उभा आहे, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कापड) घट्ट बांधा. कानाच्या आतल्या भागाला संसर्ग होऊन ऐकू येईनासं झालं असेल तर तोलही जातो. अशा फेरेटला काही दिवस खालच्याच मजल्यावर ठेवा.

गजांमधलं अंतर १ इंच आहे. मोठ्याला चालतं, पिल्लू सटकतं. त्याच कंपनीच्या ‘क्रिटर नेशन’मध्ये ते अर्धा इंच आहे, पिल्लासाठी तोच घ्या, कारण बहिरा फेरेट एकदा सोफ्याखाली घुसला की हाका मारून येत नाही. त्याला पायाच्या हादऱ्याची सवय लावावी लागते: जमिनीवर दोनदा पाय आपटायचा, लगेच तेल चाटवायचं, एका वेळी पाच-सहा वेळा. तिकडच्या लाकडी घरांत हे छान जमतं. काँक्रीटवरच्या फरशीत हादरा विरतो, तिथे दिव्याची उघडझाप शिकवा.

पिंजरा वॉशिंग मशीनजवळ नको; सतत हादरे बसले की टकटकीचा अर्थच उरत नाही. दाराचं तोंड खोलीच्या दाराकडे ठेवा, म्हणजे जागा असला तर येणारा दिसतो. ऊनही नको, फेरेटला घाम येत नाही आणि २७ अंशांच्या वर उष्माघाताची भीती.

पांढऱ्या तोंडाचे ‘पांडा’ किंवा कपाळावर पांढरा पट्टा असलेले ‘ब्लेझ’ बरेचदा जन्मापासूनच बहिरे असतात. ऐकणाऱ्याचे कान नंतर गेले तर आधी कानातला मळ बघा. लालसर तपकिरी मळ नेहमीचा. काळपट, भुरभुरीत असेल आणि तो सारखं खाजवत असेल तर माइट्सची, म्हणजे कानातल्या बारीक किड्यांची शंका घ्यावी. मान एका बाजूला कलली असेल तर त्याच दिवशी फेरेट तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्या.